परतीच्या वाटेवरचे शिकारी पक्षी : वसंतातल्या मोजणीचा आढावा

चैत्रातल्या कामदा एकादशीला पंचवटीतून रामरथ आणि गरुडरथ निघतात. त्या दिवशी निम्मे नाशिक रस्त्यावर असते. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांत शहराच्या माथ्यावरून आणि पूर्वेकडच्या माळांवरून दुसरीच एक यात्रा उत्तरेला सरकत असते. हिवाळा दख्खनमध्ये काढलेले गरुड, ससाणे, खरूच्या आणि भोवत्या (म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या बोलण्यातले हॅरियर) मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशाकडे परत जातात. गोदाकाठी पाणपक्ष्यांची गणना रुळली आहे. नांदूरमध्यमेश्वरची बदके आणि करकोचे किती, हे दर हंगामात छापून येते. परतणाऱ्या शिकारी पक्ष्यांचा हिशेब मात्र अजून नीट मांडला गेलेला नाही. तो मांडता येईल का, कोणत्या पद्धतीने, आणि त्यातून नेमके काय कळेल, यावर जाणकारांत एकमत नाही.

एक गोष्ट आधी बाजूला काढू. जटायूमुळे पंचवटीचे नाव शिकारी पक्ष्यांशी कायमचे जोडले गेले आहे. इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला त्याचे स्थान दाखवतात. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे आजही वीण करतात. पण ही गिधाडे इथलीच. त्यांची मोजणी घरट्यांवर होते आणि तिचे प्रश्न वेगळे आहेत. इथे विषय आहे तो येऊन परत जाणाऱ्यांचा.

नोंदींचा वारसा

दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी कर्नल साइक्स यांनी १८३२ साली प्रसिद्ध केली. डेव्हिडसन आणि वेंडन यांनी १८७८ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिले. पुढे १८८२ मध्ये डेव्हिडसन यांची पश्चिम खानदेशची यादी आली. या याद्यांत कोणता पक्षी हिवाळ्यात येतो, कोणता ‘सर्रास’ आणि कोणता ‘विरळा’, हे सापडते. आकडे सापडत नाहीत. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या माळांवर किती भोवत्या उतरत, याला आज उत्तर नाही. ‘सर्रास’ या शब्दाला संख्या जोडता येत नाही, आणि आपल्या तुलनेची सुरुवात तिथेच अडते.

विसाव्या शतकात सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ ते १९७३ या काळात स्थलांतराचा मोठा प्रकल्प चालवला. हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी चढवली. त्यात छोटे पक्षी आणि चिखलपक्षी बहुसंख्य होते. शिकारी पक्षी मुळातच विरळ असतात आणि जाळ्यात सहज येत नाहीत, त्यामुळे कडी हे त्यांच्यासाठी फारसे फळणारे साधन ठरले नाही. २००६ साली ऋषाद नवरोजी यांचा भारतीय उपखंडातल्या शिकारी पक्ष्यांवरचा ग्रंथ आला आणि ओळख, आढळ, वीण यांबद्दलची विखुरलेली माहिती एका जागी मिळाली.

मोजणीची परंपरा मात्र बाहेर उभी राहिली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरावर शिकारी लोक जाणाऱ्या बाजांना हौसेने गोळ्या घालत. रोझली एज यांनी १९३४ साली तो डोंगर भाड्याने घेतला आणि तिथे मॉरिस ब्रून यांना राखणदार नेमले. ब्रून यांनी पक्षी वाचवले, तसे मोजलेही. तो डोंगर म्हणजे हॉक माउंटन. तिथल्या नोंदींत पांढऱ्या डोक्याच्या गरुडांची पिल्ले वर्षागणिक कमी होत गेलेली दिसली. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये डीडीटीविरुद्ध बोलताना त्याच नोंदींचा आधार घेतला. मोजणी सुरू करताना डीडीटी बाजारातही नव्हते. आपण ज्यासाठी मोजतो त्यापेक्षा वेगळ्याच प्रश्नाला मोजणीची वही पुढे उत्तर देते, हा मुद्दा या वादात पुन्हा पुन्हा येतो. मला तो सर्वांत वजनदार वाटतो.

खिंडीवर बसून मोजणे

जगात बहुतेक ठिकाणी शिकारी पक्षी मोजतात ते चिंचोळ्या जागांवर. जड पक्ष्यांना पंख मारत शेकडो किलोमीटर जाणे परवडत नाही. ते तापलेल्या हवेच्या प्रवाहात घिरट्या घेत वर चढतात आणि पुढच्या प्रवाहापर्यंत घसरत जातात. समुद्रावर असे प्रवाह मिळत नाहीत, म्हणून ते जमिनीच्या अरुंद पट्ट्यावर गोळा होतात. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला एका शरदात चाळीस लाखांहून अधिक पक्षी जातात. जॉर्जियातल्या बातुमीला दहा लाखांवर जातात. इस्रायलमधले एलात खास वसंतातल्या मोजणीसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या जुन्या-नव्या वसंतमोजण्या शेजारी ठेवल्या की स्टेप गरुडांची घट डोळ्यांत भरते. हा गरुड २०१५ पासून जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ आहे.

ही मोजणी प्रत्यक्षात कशी चालते ते पाहिले की तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. गरम हवेच्या एकाच खांबात तीस-चाळीस पक्षी वर्तुळे घेत असताना मोजायला जाऊ नये. एकमेकांवरून, एकमेकांखालून जाणारे पक्षी दोनदा मोजले जातात किंवा सुटतात. वाट पाहायची. वर पोहोचलेला पहिला पक्षी पंख किंचित मिटून एका दिशेला घसरू लागतो, मागोमाग दुसरा, तिसरा, आणि वर्तुळाची रांग होते. त्या रांगेवर दुर्बीण स्थिर धरून, एक काल्पनिक रेषा ओलांडणारा प्रत्येक पक्षी मोजायचा. तासाच्या शेवटी आकडा लिहायचा, सोबत वाऱ्याची दिशा, ढग, दृश्यता आणि मोजणारे किती होते तेही. १९७४ साली स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेच्या बाज-स्थलांतर संघटनेने हीच शिस्त रुजवली. तिच्यामुळे एका डोंगरावरची १९८० सालची नोंद दुसऱ्या डोंगरावरच्या आजच्या नोंदीशेजारी ठेवता येते.

भारतीय उपखंडात अशी जागा हिमालयाच्या पायथ्याला आहे. नेपाळात पोखऱ्याजवळ थुलाखर्क येथे शरदात गरुडांची मोजणी होते. धर्मशाळेला यान विलेम डेन बेस्टेन यांनी २००१ च्या शरदात आणि २००२ च्या वसंतात सलग मोजणी केली. तिचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. स्टेप गरुड तिथून सरळ उत्तर-दक्षिण जात नाहीत. शरदात ते डोंगररांगेच्या कडेने पश्चिमेकडे जातात, वसंतात पूर्वेकडे परततात. म्हणजे ‘उत्तरेकडून येतात आणि उत्तरेला जातात’ हे आपल्या मनातले चित्र अर्धेच खरे आहे.

मग दख्खनमध्ये अशी खिंड शोधावी का? एका मताप्रमाणे जरूर शोधावी. सह्याद्रीची रांग उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. दुपारनंतर कोकणातून येणारा वारा तिच्या कड्यांवर आपटून वर उचलला जातो, आणि घारींपासून गरुडांपर्यंत सगळे त्या उचलीचा फायदा घेताना दिसतात. पंचवटीच्या उत्तरेला म्हसरूळची चामर लेणी, तिच्यापुढे रामशेज आणि २००८ साली महाराष्ट्रातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालेला बोरगड, अशा जागा हाताशी आहेत. फाल्गुन-चैत्रात तिथे बसून पाहायला हरकत काय, असे हे मत मांडणारे विचारतात.

दुसरे मत असे की दख्खन हे रुंद, तापणारे पठार आहे. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर जवळजवळ सगळीकडे गरम हवा वर चढते. पक्ष्याला कुठल्याही एका वाटेने जायची गरजच नाही, त्यामुळे ते शेकडो किलोमीटर रुंद आघाडीने, विरळ आणि उंचावरून जातात. शिवाय वैशाखाकडे झुकलेल्या दुपारी धूसर, पांढऱ्या आकाशात हजार-दीड हजार मीटरवरचा पक्षी दुर्बिणीतही ठिपका होऊन विरतो. अशा वेळी कमी आकडा आला तर पक्षी कमी होते की आकाश वाईट होते, हे सांगता येत नाही. ही हरकत खोडून काढणे सोपे नाही.

रातथाऱ्यावरची मोजणी

या अडचणीतून मार्ग काढणारी पद्धत भारतातच विकसित झाली आहे, आणि महाराष्ट्राला ती सर्वांत जवळची आहे. भोवत्या दिवसा एकेकट्या माळावर हिंडतात. जमिनीपासून दोन-चार हात उंचीवरून पंख उथळ ‘व्ही’सारखे धरून गवतावर तरंगत राहतात. रात्री मात्र ठरावीक कुरणात, जमिनीवरच, एकत्र येऊन बसतात. हा त्यांचा रातथारा. गुजरातेतल्या वेळावदरच्या काळवीट राष्ट्रीय उद्यानातला रातथारा जगातला सर्वांत मोठा असल्याची नोंद १९९८ साली ‘फोर्कटेल’ या नियतकालिकात आली. विभु प्रकाश हे त्या नोंदीच्या लेखकांपैकी एक. अशोका ट्रस्ट फॉर रिसर्च इन इकॉलॉजी अँड द एन्व्हायर्नमेंट (अट्री) या संस्थेचे टी. गणेश आणि प्रशांत एम. बी. यांनी देशभरच्या रातथाऱ्यांवरचे विखुरलेले आकडे गोळा करून २०१८ साली प्रसिद्ध केले. तीस वर्षांत हिवाळी भोवत्या घटल्या, असे त्यातून दिसते. उडत्या पक्ष्यांच्या मोजणीतून भारतात जे निघू शकले नव्हते ते थाऱ्यावरच्या मोजणीतून निघाले.

काम सोपे वाटते, तसे नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी माळाच्या कडेला, थाऱ्यापासून पुरेशा अंतरावर, बसून राहायचे. दोघे-तिघे असल्यास दिशा वाटून घ्यायच्या. पहिले पक्षी उन्हातच येतात आणि गवतात उतरून लगेच पुन्हा उठतात. एखादा कोल्हा किंवा धनगराचा कुत्रा जवळून गेला की वीस पक्षी एकदम वर येतात, फेरा मारतात, दुसरीकडे बसतात. हे वीस आधी मोजलेले की नवे? म्हणून आत येणाऱ्यांचीच बेरीज करायची, उठलेल्यांची करायची नाही. नर ओळखायला सोपे, करड्या-पांढऱ्या रंगाचे. माँटेग्यूच्या आणि फिकट भोवत्यांच्या माद्या आणि पिल्ले मात्र तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेली, आणि संधिप्रकाशात एकमेकांपासून वेगळी करणे निष्णातांनाही जड जाते. प्रामाणिक वहीत त्यांच्यासाठी ‘अनिश्चित’ असा रकाना असतो आणि बहुतेक वेळा तोच सर्वांत मोठा भरतो. अंधार पडेपर्यंत पक्षी येतच राहतात, त्यामुळे काही जण पहाटे बाहेर पडणारे मोजून संध्याकाळचा आकडा ताडून पाहतात.

वसंतात या पद्धतीचा आणखी एक उपयोग होतो. उडत जाणारा पक्षी दिसला नाही तरी थाऱ्यावरची संख्या फेब्रुवारीअखेरपासून कशी उतरते, ती कुठल्या आठवड्यात निम्मी होते, शेवटचा पक्षी कोणत्या तारखेला दिसतो, यावरून प्रस्थानाचा आलेख निघतो. नाशिक जिल्ह्यात येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूर काळवीट राखीव क्षेत्राचे माळ आणि सोलापूर-पुण्याकडची कुरणे अशा कामासाठी योग्य आहेत. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामागे वाढलेल्या पाणगवतात दलदली भोवत्या उतरतात. ते अभयारण्य २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले, आणि तिथल्या पाणपक्षी गणनेला शिकारी पक्ष्यांचा वेगळा तक्ता जोडणे सहज शक्य आहे.

हरकत अशी घेतली जाते की रातथारा हलतो. गवत जळाले, चरले गेले, नांगरले गेले की पक्षी दुसऱ्या माळावर जातात, आणि एका जागचा शून्य हा अख्ख्या प्रदेशातल्या घटीचा पुरावा ठरत नाही. शिवाय ही पद्धत भोवत्यांपुरतीच. स्टेप गरुड, खरूची किंवा मधुबाज यांना ती लागू पडत नाही.

उपग्रहाने दाखवलेले

पाठीवर ट्रान्समीटर लावलेल्या थोड्या पक्ष्यांनी जुन्या समजुती हलवल्या आहेत. कझाकस्तानात फिकट भोवत्यांच्या एकाच भागातल्या पक्ष्यांपैकी काही आफ्रिकेत जातात आणि काही भारतात येतात, असे २०१२ च्या एका अभ्यासात दिसले. दिल्लीत हिवाळ्याला येणाऱ्या काळकान घारी काराकोरममधल्या के-टू शिखराच्या आसपासून पर्वत ओलांडतात, हे २०२० साली जीपीएसने सिद्ध झाले. हिमालय हा घारींना अडवणारा तट आहे, ही समजूत तेव्हा मोडली.

अमूर ससाण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी २०१२ साली एका हंगामात लाखाहून अधिक ससाणे मारले जात असल्याचा अंदाज पुढे आला. पुढच्याच वर्षी गावांनी शिकार थांबवली आणि तीन पक्ष्यांवर ट्रान्समीटर बसले. ते दख्खनवरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हे ससाणे महाराष्ट्रात दिसतात आणि छायाचित्रकार त्यांच्यासाठी घाटावर गर्दी करतात. परतताना, एप्रिलअखेर-मेमध्ये, ते समुद्र ओलांडून भारतात शिरतात आणि फारसे न थांबता ईशान्येकडे निघून जातात. डोळ्यांनी मोजणाऱ्याच्या वहीत त्यांची वसंतातली वाट जवळजवळ उमटत नाही. फक्त वसंतातली मोजणी पाहिली असती तर अमूर ससाणा महाराष्ट्रातून परततो हेच कळले नसते.

त्यावरून काहींचे म्हणणे पडते की मोजणीपेक्षा पैसा ट्रान्समीटरवर घालावा. त्याला उत्तर असे दिले जाते की ट्रान्समीटर पाच-दहा पक्ष्यांची वाट सांगतो, संख्या सांगत नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत.

लोकांच्या याद्या

गेल्या दशकात ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भारतीय पक्षीनिरीक्षकांनी लाखो याद्या नोंदवल्या. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. मांसाहारी आणि मृतभक्षक पक्षी सर्वाधिक घटलेल्या गटांत आहेत, आणि गवताळ माळावरचे पक्षीही, हे त्यातून पुढे आले. या नोंदींची खरी किंमत त्यांच्या व्याप्तीत आहे. नाशिकमध्ये शनिवारी सकाळी गंगापूर धरणावर जाणारा शिक्षक आणि सटाण्याकडचा शेतकरी दोघेही त्यात भर घालू शकतात.

पण यादी म्हणजे मोजणी नव्हे, असे पद्धतशीर मोजणीचे पक्षधर म्हणतात. लोक पाण्याकडे जातात, माळाकडे जात नाहीत. हिवाळ्यात जातात, एप्रिलच्या उन्हात जात नाहीत. दिसलेले नोंदवतात, न दिसलेला दिवस नोंदवत नाहीत. परतीचा काळ नेमका असा आहे की निरीक्षकांची संख्या पक्ष्यांच्या आधीच घटते. सांख्यिकीने यातली बरीच तूट भरून काढता येते असे विश्लेषक सांगतात, आणि वर्षभराच्या कलाबद्दल ते खरेही आहे. प्रस्थानाच्या तारखांबद्दल मला ते पटत नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ममदापूरला कोणी गेलेच नाही तर तिथून भोवत्या कधी गेल्या हे कुठलेही सूत्र काढून देणार नाही.

वसंत की शरद

हा वाद जुना आहे. शरदातली मोजणी मोठी भरते, कारण त्यात त्या वर्षीची पिल्ले असतात, आणि पिल्लांच्या प्रमाणावरून वीण कशी झाली ते कळते. हॉक माउंटनचे महत्त्व त्यातूनच आले. वसंतात परतणाऱ्यांत पिल्लांपैकी बरीच गळालेली असतात. काही जातींत कोवळे पक्षी उन्हाळाभर दक्षिणेतच राहतात. म्हणून वसंतातला आकडा लहान असतो, पण तो विणीला निघालेल्या पक्ष्यांचा आकडा असतो. पक्षीसंख्येचा कणा मोजायचा तर वसंत, उत्पन्न मोजायचे तर शरद, इतके म्हणता येईल.

भारतातल्या संशोधकांचा एक मोठा गट मात्र दोन्हीपेक्षा हिवाळ्याला महत्त्व देतो. आपण वाटेवरचा देश जितके आहोत त्याहून अधिक हिवाळी मुक्कामाचा देश आहोत, म्हणून मुक्काम मोजावा, असे ते म्हणतात. मध्य आशियाई हवाई मार्गासाठी भारताने २०१८ मध्ये आखलेला राष्ट्रीय कृती आराखडा आणि शिकारी पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर २०१६ साली केलेली स्वाक्षरी, या दोन्हींतून जबाबदारी अंगावर आली आहे. कोणत्या ऋतूत मोजावे हे त्यांनी ठरवून दिलेले नाही.

न सुटलेले

पहिला अडसर ओळखीचा. पंचवटीवर, रामकुंडाभोवती, बाजार समितीवर बारमाही घारी फिरतात. त्यांच्यातून हिवाळी पाहुण्या काळकान घारी वेगळ्या काढल्याशिवाय फेब्रुवारी-मार्चमधली घारींची कोणतीही मोजणी अर्थपूर्ण होत नाही. कानावरचा गडद डाग आणि पंखाखालची फिकट खिडकी उंच उडणाऱ्या पक्ष्यात दर वेळी दिसतेच असे नाही. कचरा डेपोवर उतरलेल्या घारींचे छायाचित्र काढून ताळा घेणे हा एक उपाय सुचवला जातो.

दुसरा प्रश्न पवनचक्क्यांचा. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ साली आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, आणि त्यांच्या भयापासून सुटलेल्या सरड्यांची संख्या अधिक, असे त्यात आढळले. तो अभ्यास पठारावर वावरणाऱ्या पक्ष्यांचा होता. परतीच्या वाटेवरचे पक्षी पात्यांच्या उंचीवरून जातात की वरून, याचे उत्तर त्यात नाही, आणि उत्तर महाराष्ट्रात पवनऊर्जेचे पट्टे वाढत असताना ते लवकर मिळायला हवे.

तिसरा, रातथाऱ्यांची जागा जाहीर करावी की नाही. नकाशावर जागा आली की वनविभागाला आणि ग्रामपंचायतीला ती राखायचे कारण मिळते. त्याच नकाशावरून गाड्या थेट गवतात शिरतात. काही गट जिल्ह्याचे नाव सांगून थांबतात, काही आकडे जाहीर करतात आणि ठिकाण एक हंगाम उशिरा देतात.

सर्वांत अवघड चौथा. गवताळ माळ सरकारी दप्तरात अनेकदा ‘पडीक’ म्हणून नोंदलेले असतात. तिथे झाडे लावणे हे चांगले काम मानले जाते, आणि भोवत्यांना मात्र त्याने थारा उरत नाही. धनगरांची चराई गवत बुटके ठेवते की थारा मोडते, यावरही अभ्यासकांत दोन मते आहेत. मेंढपाळांना मोजणीत सामील करून घेतले तर निदान कुठल्या रात्री कुठल्या माळावर पक्षी बसले होते हे कळेल. माळावर रोज असतात ते तेच.

आणि या सगळ्याआधी कालावधी ठरायला हवा. स्टेप गरुड फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, माँटेग्यूच्या आणि फिकट भोवत्या मार्च ते एप्रिलमध्ये, दलदली भोवत्या एप्रिलपर्यंत रेंगाळतात, अमूर ससाणे त्यानंतर डोक्यावरून जातात. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ, तीच जागा, तीच पद्धत, पक्षी न दिसलेल्या दिवसासकट नोंद. एवढ्या किमान आराखड्याला वर मांडलेल्या बहुतेक मतांचा विरोध नसावा. तो कोणत्या माळावर, कोणाच्या नावाने आणि किती वर्षांसाठी सुरू करायचा, यावरची चर्चा अजून व्हायची आहे.